दोन साड्यांतून तीन थर : घरच्या मशीनवर गोधडी शिवण्याची पूर्ण कृती

गोधडी शिवताना बहुतेकींचा धीर मशीनपाशी सुटतो. चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत, खालचा थर गोळा होतो, दोरा पुन्हापुन्हा तुटतो आणि मग मशीन जुनं झालं असं ठरवून सगळं गाठोड्यात परत जातं. मशीनचा दोष त्यात फार थोडा असतो. कापड न धुता कापलेलं असतं, उभा धागा बघितलेला नसतो, थर घाईने टाचलेले असतात. म्हणून या लेखात मशीन सुरू करण्याआधीच्या कामावर मी जास्त लिहिलं आहे. तिथे दोन दिवस जास्त गेले तरी पुढचे आठ दिवस सुखाचे जातात.

इंदूरच्या मराठी घरांत गोधडीला लागणारं सामान बरंचसं कपाटातच असतं. सासूबाईंच्या मऊ झालेल्या सुती साड्या, एखादी नऊवारी, माहेश्वरीची विरलेली साडी, बाघ प्रिंटची ओढणी, भैरूगढच्या बाटीकची चादर. जे कमी पडेल ते सीतलामाता बाजारात आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये मिळतं. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं. तेवढ्या थंडीत चार थरांची सुती गोधडी छान ऊब देते, उन्हाळ्यात अंथरायला होते, आणि मुख्य म्हणजे घरी धुता येते. पिंजलेल्या कापसाच्या रजईत ही सोय नाही. आपल्या शेजारच्या निमाडात कापूस भरपूर पिकतो आणि रजईची ऊब मोठी आहे हे खरं, पण पाण्यात घातलेल्या रजईतल्या कापसाचे गोळे होतात. पहिल्यांदा शिवणारीने गोधडीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक दुपटं

हात बसलेला नसेल तर थेट मोठ्या गोधडीला हात घालू नका. बाळंतविड्यातलं दुपटं शिवा. मऊ सुती साडीचे छत्तीस इंचांचे दोन चौरस घ्या, सुलट बाजू आत ठेवून चारही बाजूंनी शिवा, एका बाजूला वीतभर जागा मोकळी सोडा. कोपरे तिरपे कापा, म्हणजे उलटवल्यावर तिथे गाठोळं येत नाही. उलटवून इस्त्री करा, मोकळी जागा तुरपाईने बंद करा आणि वर दोन-दोन इंचांवर धावदोरा घाला. सरळ कापणं, कोपरा वळवणं, थर न हलू देणं हे सगळं या एवढ्याशा कामात शिकून होतं. बाळासाठी जरीचा काठ, टिकल्या, बटणं यांतलं काहीही वापरू नका.

कापड निवडताना

नियम एकच : सुतीबरोबर सुती. सुती आणि सिंथेटिक एकाच गोधडीत आले की धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक तसंच राहतं आणि शिवणीच्या बाजूला चुण्या पडतात. कापड कशाचं आहे याची शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो.

जुनी साडी उजेडासमोर धरा. नेहमी निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, नऊवारीत काष्ट्याचा. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हळूच ताणा. फाटलं तर तो भाग गोधडीत घालू नका, आतल्या थरातही नको. नुसता पातळ झाला असेल तर आत चालतो. फॉल उसवून काढा. फॉलचं कापड बहुतेकदा साडीहून वेगळं असतं, आणि ते तसंच ठेवलं तर त्या पट्टीत गोधडी कडक होते.

माहेश्वरीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पुष्कळ माहेश्वरी साड्यांत ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो. कापड सुंदर, पण हातातून निसटतं आणि कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात. तिचे चौकोन वापरायचेच असतील तर प्रत्येक चौकोनामागे त्याच मापाचा मलमलीचा तुकडा कच्च्या टाक्याने जोडून घ्या आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. रोजच्या वापरातल्या गोधडीत मी माहेश्वरीचा फक्त काठ घेईन. तो कुठे लावायचा ते पुढे येईलच.

पाठीसाठी नवीन घट्ट विणीची चादर घेण्याचा मोह होतो, कारण तिला जोड द्यावा लागत नाही. मशीनने टाके घालणार असाल तर खुशाल घ्या. हाताने धावदोरा घालायचा असेल तर नको. चार थरांतून सुई ओढताना बोटं दुखून येतात. हातशिलाईला मलमल, केंब्रिक किंवा वापरून मऊ झालेली साडीच बरी.

चौकोनांत रंगांची विविधता हवी असेल तर ओळखीच्या शिंप्याकडून कतरन, म्हणजे कापून उरलेले तुकडे, मागून घ्या. त्यातून सुती तेवढी वेगळी काढावी लागते. ते काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

धुणं आणि रंगाची परीक्षा

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं, मांजरपाट त्याहूनही जास्त. नव्वद इंच लांबीच्या पाठीवर हा फरक चार इंचांच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे नवं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुवा आणि वाळवा. जुन्या साड्या आटून झालेल्या असतात, पण त्यांतला साबण आणि खळ निघावी म्हणून त्याही एकदा नुसत्या पाण्यातून काढा.

गडद लाल, निळ्या आणि काळ्या कापडाचा रंग जातो का ते बघणं आवश्यक आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने तो भाग जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं, पुन्हापुन्हा धुवा, आणि तरी लागत राहिला तर या गोधडीतून वगळा. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही. तो भरवसा ठेवू नका. बाघ प्रिंटचं कापड तयार होतानाच वाहत्या पाण्यात धुतलेलं असतं, तरी पांढऱ्या चौकोनाशेजारी बसवण्याआधी फडक्याची परीक्षा घ्याच. बाटीकमध्ये मेणाचा अंश राहिलेला असू शकतो. तसं कापड आधी गरम पाण्यातून काढा, नाहीतर इस्त्रीला मेण लागतं आणि तिथून पुढच्या कापडावर डाग पडतात.

वाळल्यावर मऊ साड्यांना साबुदाण्याची पातळ खळ द्या आणि थोडी ओल असतानाच इस्त्री करा. ही एक गोष्ट केली तर कापणं आणि जोडणं निम्म्याने सोपं होतं. खळ दिलेलं कापड कात्रीखाली सरकत नाही, चौकोन चौकोनच राहतो. काम पूर्ण झाल्यावर मात्र गोधडी एकदा धुवून खळ काढून टाकायची. कपाटात राहिलेल्या खळीला किडे लागतात.

साड्यांचं गणित

आता मापं. एका माणसाची गोधडी साधारण चोपन्न इंच रुंद आणि चौऱ्याऐंशी इंच लांब असावी. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंच धरला तर एका अखंड तुकड्यात ही रुंदी बसत नाही, आणि इथेच पुष्कळ जणी एका थराला एक साडी घालून बसतात. तेवढी गरज नाही.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे दोनशे सोळा इंच. तिच्यातून नव्वद इंच लांबीचे दोन तुकडे निघतात आणि छत्तीस इंचांचा एक तुकडा उरतो. दोन साड्यांचे असे चार लांब तुकडे होतात. त्यांतले तीन अखंड ठेवा. चौथा लांबीत फाडून पंधरा-पंधरा इंचांच्या तीन पट्ट्या करा. प्रत्येक अखंड तुकड्याला एक पट्टी जोडली की पंचेचाळीस आणि पंधरा मिळून साठ इंच होतात, शिवणीत अर्धा इंच जातो. दोन साड्यांतून साडेएकोणसाठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब असे पूर्ण तीन थर मिळाले : एक पाठीचा, दोन आतले. चारही बाजूंना सुमारे पावणेतीन ते तीन इंच जास्तीचे राहतात आणि ते लागतातच, कारण टाके घालताना खालचे थर आत खेचले जातात. पन्हा कमी असेल तर वरची रुंदी त्या हिशोबाने घटवा. थर रचताना एका थराची जोडपट्टी डावीकडे आली तर पुढच्या थराची उजवीकडे येऊ द्या. तिन्ही शिवणी एकावर एक आल्या तर तिथे वरंबा तयार होतो.

वरचा थर चौकोनांचा. साडेसहा इंचांचा चौकोन कापला की पाव इंच शिवण दोन्ही बाजूंना जाऊन सहा इंचांचा उरतो. रुंदीत नऊ आणि लांबीत चौदा, म्हणजे एकशे सव्वीस चौकोन. साडीच्या उरलेल्या छत्तीस इंची तुकड्यातून तीस चौकोन निघतात, दोन साड्यांचे साठ झाले. बाकीचे सहासष्ट ओढण्या, कतरन आणि इतर साड्यांच्या धड भागांतून भरून काढा. पदर जड असेल तर त्याचे चौकोन कडेला ठेवू नका, मधल्या भागात विखरून टाका.

सरळ कापण्यासाठी

लांब तुकडे कात्रीने कापू नका, फाडा. साध्या विणीचं सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे मोजपट्टी न लावताही कड सरळ मिळते. कडेला छोटा काप द्या आणि एका झटक्यात फाडा. फाडलेल्या कडेला थोडी चुणी येते, ती इस्त्रीने जाते. काठाची घट्ट किनार मात्र आधी कात्रीने कापून मगच फाडायला लागा.

चौकोनांसाठी जाड पुठ्ठ्याचा साचा करा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालतो, पण कोपरे झिजले की नवा घ्यायचा. साच्याच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवा, म्हणजे साचा कापडावरून सरकत नाही. साच्याची एक कड उभ्या धाग्याला समांतर ठेवायची. हे पाळलं नाही तर चौकोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, कापला जातो, आणि उरेब कड हातात धरताच ताणली जाते. कोपरे न जुळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. एका वेळी दोन किंवा तीन थरांपेक्षा जास्त कापू नका.

कात्री कापडासाठी वेगळी ठेवा आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा की तिने कागद कापायचा नाही. निशाणीसाठी शिंप्याचा खडू घ्या. बॉलपेनची रेघ धुतल्यावरही राहते.

मशीन : सुई, दोरा आणि स्वच्छता

मशीन बिघडलंय असं वाटलं की आधी सुई बदला. सुईचं टोक किंचित बोथट झालं तरी टाके सुटतात, आणि बोथट टोक डोळ्यांना दिसत नाही. आठेक तास शिवून झालं की नवी सुई लावावी. चौकोन जोडायला चौदा नंबरची, चार थर एकत्र शिवायला सोळा नंबरची, आणि मलमलीसारख्या तलम कापडाला अकरा नंबरची. सुई वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. तिला एका अंगाला लांब खाच असते. दोरा शेवटच्या कडीतून ज्या बाजूने येतो त्या बाजूला ही खाच हवी, आणि ओवायचंही त्याच बाजूने.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळीला, दोष देतो. कारण जवळजवळ नेहमी वर असतं. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो. दोरा ओवताना कापड दाबून धरणारं फूट वर उचललेलं ठेवा. फूट वर असताना चकत्या मोकळ्या होतात आणि दोरा आत बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांच्या बाहेरच राहतो. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा आणि पहिले दोन-तीन टाके चाक हाताने आपल्याकडे फिरवून घाला.

टेन्शन तपासायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून रद्दी कापडावर शिवून बघा. पांढरे ठिपके वर दिसले तर वरचा ताण जास्त आहे, तो सैल करा. लाल ठिपके किंवा फास खाली दिसले तर वरचा ताण वाढवा. खालच्या दोऱ्यासाठी बॉबिन केस दोऱ्याला लोंबकळत धरा आणि हळूच झटका द्या. ती थोडी खाली घसरून थांबली तर ताण बरोबर. सुळकन जमिनीकडे आली तर बारीक स्क्रू किंचित आवळा, अजिबात हललीच नाही तर किंचित सोडा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त कधीच नको.

जुन्या साड्यांचा भुगा भयंकर पडतो. रोज काम संपल्यावर सुईखालचा पत्रा काढून कापड सरकवणाऱ्या दात्यांखालचा भुगा मऊ ब्रशने काढा. फुंकर मारू नका, भुगा आणखी आत जातो आणि ओलावाही. तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा सरसोंचं तेल काही दिवसांत चिकट होतं आणि मशीन जड चालतं. तेल घातल्यावर आधी रद्दी कापडावर शिवून जास्तीचं तेल पुसून घ्या.

दोरा स्वस्तातला घेऊ नका. बोटांत धरून तोडून बघा. सहज तुटला, किंवा त्यावर जागोजागी गाठी दिसल्या, तर तो रीळ बटणं लावायलाही घेऊ नये. रंग ठरत नसेल तर फिकट राखाडी घ्या, तो बहुतेक कापडांत मिसळून जातो.

चौकोन जोडणं

सगळी रचना आधी जमिनीवर किंवा पलंगावर मांडा, मोबाइलवर फोटो काढा. फोटोत दोन गडद चौकोन शेजारी आलेले लगेच दिसतात, डोळ्यांना प्रत्यक्षात दिसत नाहीत. मग ओळीप्रमाणे गठ्ठे करून प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी टाचा.

पाव इंचाची शिवण काटेकोर यावी यासाठी मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंच उजवीकडे कागदी टेपचे चार-पाच पदर एकावर एक चिकटवा. कापडाची कड या कठड्याला लागून सरकू द्या, सुईकडे न बघता कठड्याकडे बघा. एकदा परीक्षा घ्या : अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा आणि मोजा. एकूण रुंदी बरोबर साडेसहा इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जाड जातेय, टेप थोडी सुईकडे सरकवा. ही परीक्षा न घेता पुढे गेलात तर नऊ चौकोनांच्या ओळीत इंचभराचा फरक सहज पडतो.

आता दोन-दोन चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवा. पहिली जोडी संपली की दोरा कापू नका, दोन टाके मोकळे जाऊ द्या आणि लगेच दुसरी जोडी फुटाखाली सरकवा. अशा सगळ्या जोड्या दाराच्या तोरणासारख्या एका दोऱ्यात निघतात. नंतर एकदमच कापून वेगळ्या करायच्या. दोरा वाचतो, आणि प्रत्येक सुरुवातीला होणारा गुंताही टळतो.

इस्त्री करताना ती घासू नका. उचला, ठेवा, दाबा, पुन्हा उचला. घासल्याने चौकोन तिरके होतात. पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणी उजवीकडे वळवा, दुसऱ्या ओळीच्या डावीकडे, पुन्हा उजवीकडे. ओळी एकमेकींना जोडताना समोरासमोरच्या शिवणी एकमेकींत अडकून बसतात, बोटांना तो खटका कळतो. तिथे टाचणी लावली की कोपरा हलत नाही. टाचणीवरून मशीन चालवू नका, सुई तिथवर आली की टाचणी काढा.

थर लावणं आणि टाचणं

या पायरीवर घाई केली तर मागची सगळी मेहनत वाया जाते. घरातले सगळे बाहेर असतील तो वेळ निवडा. फरशी पुसून कोरडी करा आणि पंखा बंद ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत कोटा फरशी असते. तिच्या सांध्यांच्या रेषा इथे फार उपयोगी पडतात, थराची कड त्या रेषेवर ठेवली की वेगळी मोजणी लागत नाही.

पाठीचा थर सुलट बाजू खाली ठेवून पसरा. कडा कागदी टेपने फरशीला चिकटवा : आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग कोपरे. कापडावर सुरकुती नसावी, पण ते ताणलेलंही नसावं. ताणून चिकटवलं तर टेप काढल्यावर ते आखडतं आणि पाठीवर चुण्या पडतात. त्यावर आतले दोन थर एकेक करून पसरा, प्रत्येक वेळी मध्यापासून कडेकडे तळहाताने हवा काढा. शेवटी चौकोनांचा थर सुलट बाजू वर ठेवून. तो चारही बाजूंनी आत येतो का, त्याच्या ओळी फरशीच्या रेषांशी समांतर आहेत का, हे उभं राहून बघा.

मशीनने शिवणार असाल तर सेफ्टीपिना लावा, चार-चार इंचांवर. मूठ कुठेही ठेवली तरी तिच्याखाली पिन लागली पाहिजे. मशीनची शिवण जिथून जाणार ती जागा सोडून लावा. हाताने शिवणार असाल तर कच्चा दोरा घाला. मध्यापासून चार बाजूंना, मग चार कोपऱ्यांकडे, मग वीत-वीत अंतरावर आडवे-उभे. टाके दोन इंच लांब चालतील. फरशीवरून सुईचं टोक उचलताना बोटं सोलवटतात, त्यासाठी डाव्या हातात चहाचा चमचा धरा. सुईचं टोक चमच्याच्या कडेवर चढवायचं, ते आपोआप वर येतं. कच्चा दोरा पांढराच घ्या, गडद दोऱ्याचा रंग कापडात उतरतो.

सगळं टाचून झाल्यावर टेप काढा, गोधडी उलटी करा आणि पाठ बघा. कुठे चुणी दिसली तर तेवढ्याच भागातल्या पिना काढून पुन्हा लावा. आत्ता हे पाच मिनिटांचं काम आहे. शिवल्यावर उसवायला संध्याकाळ जाते.

हाताने की मशीनने?

वेळ असेल तर हाताने. धावदोऱ्याची गोधडी अंगावर वेगळीच पडते, मऊ आणि जड. सुई मध्यम लांबीची आणि मोठ्या नेढ्याची घ्या, दाभण नको, त्याची भोकं राहतात. जाड सुती दोरा हातभरच घ्यायचा आणि मेणावरून ओढायचा, म्हणजे पीळ पडत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सुरुवातीची गाठ वर ठेवू नका. टाक्याच्या जागेपासून इंचभर दूर सुई फक्त वरच्या थरात घालून बाहेर काढा आणि दोरा हलकेच ओढा, टप असा आवाज होऊन गाठ आत जाते. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घेऊन मगच दोरा ओढा. ओळी इंचभर अंतरावर ठेवा. आपल्या जुन्या पद्धतीत कडेपासून सुरू करून चौकटीत चौकट करत मध्याकडे येतात. कच्चा दोरा नीट घातला असेल तर ही पद्धत सुरेख जमते. दर ओळीनंतर मध्याकडे तळहात फिरवून कापड जास्तीचं जमत नाही ना, हे बघत राहा.

मशीनवर उलट, मधल्या ओळीपासून सुरुवात करून कडेकडे जायचं. टाका मोठा करा, इंचाला आठच्या आसपास. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा कमी करा, म्हणजे वरचा थर पुढे ढकलला जात नाही. गोधडीच्या दोन्ही बाजू गुंडाळून घ्या, एक गुंडाळी मशीनच्या आत उजवीकडे, दुसरी डावीकडे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वजन. गोधडी टेबलावरून खाली लोंबत असेल तर ती सुईला ओढते, टाके लहान-मोठे होतात आणि सुई मोडते. मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीचं टेबल किंवा पाट रचून ठेवा. सगळ्या रेघा एकाच कडेकडून सुरू करा. एक वरून खाली आणि पुढची खालून वर अशी शिवली की चौकोन तिरके ओढले जातात. अगदी शिवणीवर शिवण्यापेक्षा शिवणीशेजारून पाव इंचावर शिवा. शिवणीवर हात थोडा जरी हलला तरी दिसतं, शेजारची रेघ मात्र नक्षीसारखी वाटते.

अर्ध्या-पाऊण तासाने उठा. मान आणि खांदे आखडले की रेघ वाकडी जाते.

गोट

सर्व बाजू वरच्या थराच्या मापाने सरळ कापून घ्या. गोट म्हणजे या कडा झाकणारी पट्टी. त्यासाठी अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या लागतात. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं साठ सेंटीमीटर कापड पुरतं. पट्ट्या तिरप्या शिवणीने जोडा, लांबीत दुमडून इस्त्री करा. गोधडीच्या सुलट बाजूला कडेशी कड जुळवून पाव इंचावर शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, दोरा पक्का करा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली आणून पुढच्या कडेला लावा आणि वरच्या टोकापासून शिवा. ही घडी कोपऱ्यात आपोआप टोकदार बसते. मग पट्टी मागे वळवून तुरपाई करा. वेळ नसेल तर मागूनही मशीनच मारा, चालतं.

माहेश्वरीचा काठ इथे लावावा. साध्या गोटाच्या आत, सुलट बाजूला, चारही बाजूंनी चौकटीसारखा. काठ उरेब नसतो, त्यामुळे कोपऱ्यात तो वळत नाही, घडी घालून पंचेचाळीस अंशांत शिवावा लागतो. जरीवर थेट गरम इस्त्री नको, वर ओलसर सुती फडकं ठेवा. अगदी कडेला जरीचा काठ लावू नका, हनुवटीला आणि मानेला टोचतो.

धुताना, वाळवताना

पहिलं धुणं साध्या थंड पाण्यात, पांढऱ्या कपड्यांपासून वेगळं. भिजलेली गोधडी फार जड होते. तिला एका टोकाने उचललं तर टाके तुटतात, दोघींनी दोन बाजूंनी उचला. पिळू नका, पायऱ्यांवर किंवा जाळीवर निथळू द्या. वाळत घालताना हातभर अंतरावर दोन समांतर दोऱ्या बांधून त्यांच्यावर आडवी टाका, म्हणजे एकाच घडीवर वजन येत नाही आणि मधून वारा खेळतो. सावली उत्तम. आपलं एप्रिल-मेचं ऊन रंग लवकर उडवतं. पावसाळ्यात मोठी गोधडी धुवायला काढू नका, आतले थर दोन दिवस ओले राहतात आणि वास धरतात.

वापरताना एखादा चौकोन फाटला तर सगळं उसवत बसू नका. साडेसहा इंचांचाच नवा तुकडा घ्या, चारही कडा पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, फाटक्या चौकोनावर बसवा आणि तुरपाई करा. मग त्यावरून धावदोऱ्याच्या जुन्या ओळी पुढे चालवा. याच कामासाठी गोधडी शिवताना प्रत्येक कापडाचे दोन-तीन चौकोन बाजूला काढून ठेवा, आणि गोधडी धुवाल तेव्हा तेही सोबत धुवा, म्हणजे त्यांचा रंगही गोधडीबरोबरच फिका होत जातो.